झाकणावर बसणारी बाई

"वास येतोय का?"

सकाळी फाटकातून आत शिरलो की तिचा पहिला शब्द हा. नमस्कार नाही, चहा झाला का नाही, काही नाही. डाव्या हातात डब्याची पिशवी आणि उजव्या हाताचं बोट थेट माझ्या नाकावर रोखलेलं.

"येतोय, मॅडम."

"कसला?"

"सडक्या अंड्यांचा."

"मग जिवंत आहेस. कामाला लाग."

बारा महिने तेरा त्रिकाळ हेच. सर्दी झाली असेल आणि चुकून "नाही" म्हटलं, तर अख्ख्या शिफ्टसमोर उद्धार व्हायचा. नाक चोंदलेला माणूस इथे कशाला आला, घरी जाऊन वाफ घे, मेलास तर तुझ्या बायकोला मी काय सांगू, वगैरे वगैरे.

मला ही बाई पहिल्या दिवशी आवडली नाही आणि शेवटच्या दिवशीही आवडली नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. माणूस गेलं की त्याच्यावर चार फुलं वाहायची आपली पद्धत आहे. तुम्हीही वाहिली असतील, ज्याने जन्मभर छळलं त्याच्यावरसुद्धा. मला ते जमत नाही. ती जशी होती तशी सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

खालापूरच्या बाजूला आमचा पुठ्ठ्याचा कारखाना. समोरून पाहाल तर बाग आहे, कारंजं आहे, सिक्युरिटीवाल्याचा सॅल्यूट आहे. आम्ही मागच्या बाजूला. रद्दी भिजवून, कुटून तिचा पुठ्ठा करून झाला की जे काळं पाणी उरतं ते आमच्याकडे येतं. ते साफ करायच्या जागेला ईटीपी म्हणतात. मी तिथे शिफ्ट सांभाळायचो आणि ती लॅब. लॅब म्हणजे एक खोली, एक फ्रीज, काचेची भांडी आणि ती.

कर्जतातल्या जुन्या घरातली बाई. वडील शाळामास्तर. तालुक्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत, माझ्या मामानेही खाल्ल्या आहेत. छडी वडिलांबरोबर गेली, पण जीभ मुलीकडे राहिली. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. पळसदरीच्या रस्त्याने जुन्या स्कूटरवरून यायची आणि वाटेतल्या प्रत्येक ट्रकवाल्याशी भांडून यायची. आम्हा सगळ्यांना अरे-तुरे. फक्त मॅनेजर आणि साहेब लोकांना "अहो" म्हणायची, आणि ते "अहो" आमच्या "अरे"पेक्षा जास्त झोंबायचं.

तिच्या डब्याची एक गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात एकदा तिच्या डब्यातली भाजी आंबली होती. झाकण उघडल्याबरोबर टेबलावरची माणसं मागे सरकली. ही बाई शांतपणे खात बसली. मी म्हणालो, "मॅडम, भाजी गेलीय ती." तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या ताटात आहे का? मग?" पोळीने डबा पुसून बंद केला. आम्ही मागे म्हणालो, काय चिकट बाई आहे, कुजकं खाईल पण फेकणार नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्यामुळे आली नाही, तेव्हा आम्ही चहाबरोबर भजी मागवली.

आता तिच्या किड्यांबद्दल सांगायला हवं, कारण तिचं सगळं आयुष्य त्यांच्याभोवती फिरत होतं. किडे आम्ही म्हणायचो. ती म्हणायची जिवाणू, आणि किडे म्हटलं की अंगावर यायची.

आमच्याकडे एक मोठी बंद टाकी होती. तिच्यात हवा जात नाही. त्या बिनहवेच्या काळोखात जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस बॉयलरला जाळायला जातो. गॅस भरपूर आला की मॅनेजर खूष, कारण भाताचं तूस कमी विकत घ्यावं लागतं. हे झाले गॅसवाले. पण त्याच टाकीत, त्याच पंगतीला, दुसरे बसलेले असतात. ती त्यांना "काळे" म्हणायची. ते जिथे राहतात तिथला गाळ काळाकुट्ट होतो, लोखंड खाल्लं जातं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तो वास म्हणजे विष.

नवीन माणूस आला की ती त्याला टाकीसमोर उभा करून शिकवायची. शिकवायची म्हणजे झापायची.

"तू जेवतोस. जेवणातून ताकद काढतोस. पण ताकद काढून घेतली की मागे जे उरतं ते कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं. आपण ते हवेतल्या ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. श्वास घेतो तो त्यासाठीच. इथे हवा नाही. मग हे काळे काय करतात?"

नवीन माणूस टाकीकडे बघायचा.

"सल्फेटच्या गळ्यात मारतात. आपण ऑक्सिजन ओढतो, ते सल्फेट ओढतात. आपल्या श्वासातून जे बाहेर पडतं त्याने कुणी मरत नाही. त्यांच्या श्वासातून पडतं त्याने तू मरशील. कळलं?"

मान हलायची. तिला तेवढ्याने भागायचं नाही.

"आणि हे सल्फेट ते उरलेलं काही सरळ घेत नाही. आधी त्याच्यावर स्वतःची ताकद घालून त्याला तयार करावं लागतं. आधी पेरायचं, मग उगवायचं. आणि उगवतं ते किती? मूठभर. त्या मुठीवर हे जगतात. तुला एक वेळ चहा मिळाला नाही तर तू युनियनकडे जातोस."

काळ्यांवर तिचा राग असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण तिच्या बोलण्यात त्यांचं कौतुकच असायचं. गॅसवाले जेवून उठले, ताट पुसलेलं दिसतंय, तरी काळ्यांना त्या ताटात जेवण दिसतं, असं ती सांगायची. गॅसवाल्यांना जे खायला परवडत नाही ते काळे खातात, म्हणून सल्फेट मिळालं की काळे जिंकतात. गॅस कमी होतो आणि विष वाढतं. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की जणू भाचा बोर्डात पहिला आला आहे. माणसांबद्दल बोलताना मी तिचा तसा चेहरा कधी पाहिला नाही.

आता हे सल्फेट यायचं कुठून, तर तुरटीतून. पुठ्ठ्यात पाणी मुरू नये, शाई पसरू नये म्हणून मशीनवाले लगद्यात तुरटी घालतात. तुरटी म्हणजे पोत्यात भरलेलं सल्फेटच. हात सैल सोडून ओतायचे. बाईचं मशीनवाल्यांशी उभं वैर. एकदा भर कॅन्टीनमध्ये ती त्यांच्या साहेबासमोर जाऊन उभी राहिली. साहेब वरणभात कालवत होते.

"तुम्ही तुरटी किती घालता, अहो?"

"लागते तेवढी घालतो, मॅडम."

"लागते त्याच्या दुप्पट घालता. तुम्ही तिकडे ओता, आणि मी इकडे मढी उचलू का?"

साहेबांचा हात ताटातच थांबला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे किडे तुम्ही सांभाळा, माझं मशीन मी सांभाळतो." तिने त्यांच्या ताटातली लिंबाची फोड उचलली, शेजारच्या ताटात टाकली आणि निघून आली. लिंबाचं काय कारण होतं, ते आजवर मला कळलेलं नाही. पण साहेब त्या दिवशी अर्धपोटी उठले.

चांदीच्या पैंजणाचंही सांगायला हवं. पंपाच्या शेडमध्ये तिने एका तारेला एक जुनं पैंजण टांगून ठेवलं होतं. एकच. तिच्या आईचं. विषारी गॅस असला की चांदी काळी पडते, म्हणून. महिन्या-पंधरा दिवसांनी ती ते चिंचेने घासून पांढरं करायची आणि परत टांगायची. कामगारांना वाटलं, करणी आहे. कुणीतरी खाली लिंबू आणि हळदकुंकू ठेवलं. तिने लिंबू उचलून पाण्यात पिळलं, मीठ घातलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. "उद्या दोन ठेवा," म्हणाली. त्यानंतर कुणी ठेवलं नाही.

इथवर ठीक होतं. खडूस माणसं सगळीकडे असतात. आपण मान खाली घालतो आणि पगार घेतो. पण नंतर जे झालं ते माझ्या घरात शिरलं.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला राहतो. भातशेती आहे, ती पावसापुरती. उन्हाळ्यात तो विहिरी उपसतो. गाळ काढावा तर त्यानेच, असं पंचक्रोशीत त्याचं नाव. बरोबर त्याच्याच वाडीतली तीन-चार माणसं. मे महिन्यात आमचं मशीन देखभालीसाठी बंद होतं आणि सांडपाण्याची जमिनीखालची टाकी साफ करायची असते. नेहमीचा कंत्राटदार आला नाही. मी मॅनेजरला मेहुण्याचं नाव सुचवलं. घरात बायको खूष, सासुरवाडीत माझी मान ताठ.

मेहुणा सकाळी आला तो सगळी तयारी करून. दोर, बादल्या, फावडी आणि कंदील. विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा, ही त्यांच्या वाडवडिलांपासूनची रीत. कंदील विझला तर खाली हवा नाही, कुणी उतरायचं नाही. पेटता राहिला तर देवाचं नाव घ्यायचं आणि उतरायचं. या रीतीने त्याच्या घरातलं माणूस आजवर विहिरीत मेलेलं नाही. गॅस मोजायचं आमचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, आणि आमच्याकडून दुरुस्तीला गेलेली वस्तू सहसा परत येत नाही.

टाकीचं लोखंडी झाकण उघडलं. भपकन वास आला. डोळ्यांतून पाणी आलं, एकजण ओकला. मेहुणा म्हणाला, "जरा दम धरा. हवा खेळू द्या." आम्ही तिथेच तोंडाशी बसलो. तंबाखू मळून झाली. हळूहळू वास कमी झाला आणि मग गेलाच. मेहुण्याने कंदील पेटवून खाली सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. खाली काळ्या गाळावर तो पिवळा उजेड छान स्थिर दिसत होता.

"हवा हाय, दाजी," मेहुणा म्हणाला. "बघा की कसा पेटलाय."

त्याने कमरेला दोर बांधला. एक पाय आत टाकला.

तेवढ्यात ती आली. स्कूटर लावून, डब्याची पिशवी हातात धरून, नेहमीसारखी. माझ्याकडे बोट रोखलं.

"वास येतोय का?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो. त्या दिवशी मला हायसं वाटून म्हणालो. "मघाशी खूप येत होता. आता गेला."

"पंखा लावला होता? आत हवा मारली?"

"नाही. आपोआपच गेला."

मी तिला धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डबा तिथेच पडला. तिने मेहुण्याचा दोर दोन्ही हातांनी धरून त्याला मागे ओढला, तो उताणा पडला. कंदिलाचा दोर खेचला, कंदील बाहेर काढला आणि लांब फेकला, तो भिंतीवर फुटला. मेहुणा उठला, म्हणाला, "ओ बाय, डोकं फिरलं का तुमचं?" तिने त्याच्या कानाखाली वाजवली.

चार माणसांत. त्याच्या वाडीच्या माणसांत. माझ्यासमोर. आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग तिने झाकण ओढून लावलं. एका माणसाचं ते काम नव्हे, पण तिने लावलं. बाजूची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, झाकणावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

मॅनेजर धावत आला. मशीन बंद आहे, वेळ जातोय, वर काय सांगू, असं सुरू केलं. ती म्हणाली, "माझ्यावरून जा, अहो. मी उठणार नाही." मेहुण्याची माणसं चिडली होती. एक म्हणाला, "कंदील पेटला व्हता, आमी काय येडे हाव काय?" तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली. नीट म्हणजे शिव्या न घालता.

"कंदील हवा आहे का ते सांगतो. विष आहे का ते सांगत नाही. तुमच्या विहिरीत कधी हवा नसते, विष मात्र नसतं. इथे हवा आहे आणि विषही आहे. आणि हा गॅस पेटणारा आहे, तुमच्या कंदिलाने अख्खी शेड उडाली असती. वास गेलेला नाही. वास आहे तिथेच आहे. तुमची नाकं मेलीत. थोडं विष असलं की वास येतो, जास्त झालं की नाक बंद पडतं. वास गेला की पळायचं असतं. तुम्ही उतरत होतात."

कुणालाच पटलं नाही. विष वाढलं की वास जातो, हे ऐकायलाच कसं उलटं वाटतं. मग तिने मला शेडमधून पैंजण आणायला लावलं. उठून, झाकण थोडं सरकवून ते दोराने खाली सोडलं. आम्ही सगळे लांब उभे. बाईने दोर वर घेतला तेव्हा ते चिंचेने घासलेलं पांढरं पैंजण तव्याच्या बुडासारखं झालेलं होतं. तिने झाकण लावलं, परत खुर्चीवर बसली आणि ते मेहुण्यासमोर धरलं.

त्याने पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते थपडेचं होतं. "चांदी काळी पडली म्हणून माणसाला मारायचं काय?" म्हणाला. माणसं गोळा केली आणि निघून गेला. फुटलेला कंदीलसुद्धा उचलून नेला. तो त्याच्या बापाचा होता.

जेवणाची वेळ झाली तरी ती खुर्चीवरून उठली नाही. भाड्याचे पंखे आले, टाकीत हवा मारायला सुरुवात झाली, तेव्हा उठली. पुढे मास्क लावलेली माणसं बाहेरून आली आणि त्यांनी टाकी साफ केली. मेहुण्याचं काम गेलं ते गेलंच.

घरी काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. बायको म्हणाली, "माझ्या भावाला मारलं तिनं, आन् तुमी बघत राह्यलात." मी म्हणालो, त्याचा जीव वाचला. ती म्हणाली, "जीव सांगून वाचवता येत नाय का?" दिवाळी आली, भाऊबीज आली, मेहुणा आला नाही. बायकोने ओवाळणीचं ताट तयार केलं होतं. संध्याकाळी तिने निरांजन स्वतःच शांत केलं. तेव्हा मला त्या बाईचा इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी मी सरळ लॅबमध्ये गेलो.

"मॅडम, माझ्या मेहुण्याला एक शब्द बोला. फोनवर बोललात तरी चालेल. माफी म्हणून नाही, पण काहीतरी."

ती काचेची नळी उजेडात धरून बघत होती. वळलीही नाही.

"जिवंत माणसाची माफी मागायची नसते."

"मग कुणाची मागायची?"

"नळीला हात लावू नकोस," म्हणाली. संपलं बोलणं.

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. सकाळचं "येतोय, मॅडम" मात्र चुकवता यायचं नाही. तेवढं दात-ओठ खाऊन म्हणायचो.

पुढे कंपनीने लॅब बंद केली. नमुने मुंबईकडे तपासायला पाठवायचे ठरलं. तिला घरी बसवलं. निरोप समारंभ नव्हता, कारण तिने तो होऊ दिला नाही. शाल-नारळ घेऊन आलेल्या मॅनेजरला म्हणाली, "नारळ तुम्ही ठेवा, तुरटी कमी करा." पैंजण काढून पिशवीत टाकलं, स्कूटरला किक मारली आणि गेली. फाटकावर कुणी हात केला नाही. मीही केला नाही.

मग एके दिवशी मेहुणा घरी आला. भाऊबीज नव्हती, सण नव्हता. दुपारी दारात उभा. बायको आनंदाने रडायलाच लागली. त्याने पाणी घेतलं आणि बसला. मग म्हणाला, "दाजी, त्या बायकडं न्या मला."

शेलूला नव्या इमारतींपैकी एकीत संडासाची टाकी साफ करायला त्याला बोलावलं होतं. झाकण उघडलं, वास आला. तोंडाशी बसले. थोड्या वेळाने वास गेला. बरोबरचा माणूस म्हणाला, चला, उतरू.

"माझा हात आपसूक गालावर गेला, दाजी," मेहुणा म्हणाला. "मी झाकण लावलं आन् त्याच्यावर बसलो. सोसायटीवाले वराडले, मी उठलो नाय. म्हनलं, पंखा आना, मंग बघू. तेनी मला हाकललं, दुसरी मानसं बोलावली."

"मग?"

"त्यातला एक गेला. वर काढला तवा गेलेलाच व्हता."

त्याचा हात अजून गालावर होता.

आम्ही कर्जतला गेलो. नदीच्या अंगाला तिचं लहानसं बैठं घर. मेहुण्याने कडव्या वालाची पिशवी आणली होती, घरच्या शेतातले. तिने दार उघडलं, मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या, त्याला ओळखलं. "तू तो कंदीलवाला," म्हणाली. आत या म्हणाली नाही, आम्हीच गेलो. वाल तिने कोपऱ्यात ठेवले. "सोलत कोण बसणार? मला काही उद्योग नाही असं वाटलं का तुम्हाला?" मेहुण्याने शेलूचं सांगितलं. ती ऐकत होती. मेलेल्या माणसाचं आलं तेव्हा तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

मला मघापासून काहीतरी जळल्याचा वास येत होता. वाटलं, शेजारी असेल. मग स्वयंपाकघरातून धूर यायला लागला.

"बाय, दूध करपलंय तुमचं," मेहुणा म्हणाला.

ती उठली नाही. आमच्याकडे पाहत राहिली. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पातेलं कोळसा झालं होतं. वास इतका होता की मला खोकला आला, आणि ती बाहेरच्या खोलीत बसूनच होती.

मी पातेलं हातात धरून दारात उभा राहिलो. आंबलेल्या भाजीचा तो डबा आठवला.

"मॅडम, तुम्हाला वास येत नाही."

"कधीचाच नाही," ती म्हणाली. जसं काही मी तिचं वय विचारलं होतं. "तुमच्याकडे येण्याआधीच्या कारखान्यात. आमचा एक पोरगा टाकीत उतरला. वास गेला म्हणून उतरला. मी त्याला ओढायला गेले. मला काढलं, त्याला काढलं नाही वेळेवर. तेव्हा नाक गेलं ते गेलं. त्याच्या आईची माफी मागायला गेले होते मी. दारात बसून राहिले. ती बाई मला पाणी देत होती." ती थांबली. "माफी मेलेल्यांच्या घरी मागायची असते. मी एकदा मागितली. परत मागणार नाही, म्हणून थोबाडीत मारते."

मेहुण्याने वाकून तिच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतले. "हे नाटक नको. परत कंदील सोडलास तर दुसऱ्या गालावर मारीन."

आम्ही निघालो. मी चपला घालत होतो तेव्हा आतून तिचा आवाज आला. पहिल्यांदाच तो जरा खाली आलेला होता.

"अरे, बटण नीट बंद केलंस ना? जाऊन बघ परत."

मी परत आत गेलो. शेगडीवर वाकलो आणि हुंगलं. ती दारात उभी होती, बोट माझ्या नाकाकडे.

"वास येतोय का?"

इतकी वर्षं मला वाटलं होतं, ही बाई आमची परीक्षा घेते. ती आमची नाकं उसनी मागत होती.

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यानंतर शिफ्टवरून कोंडाण्याच्या वाटेला, माझ्या घरी जाताना मी कर्जतला तिच्या दारात थांबू लागलो. शेगडी हुंगायची, दूध नासलं आहे का बघायचं, डब्यातली आमटी बघायची. माया वगैरे काही नव्हती. शेगडी उडाली असती तर शेजारची चार घरं गेली असती. तिने कधी चहा विचारला नाही. उशीर झाला की "कुठे मेला होतास?" म्हणायची. वालाचं बिरडं मात्र एकदा दिलं, माझ्या बायकोसाठी. मीठ जास्त होतं. बायकोने सगळं खाल्लं.

गेल्या थंडीत ती गेली. झोपेतच गेली, असं शेजारणीने सांगितलं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पुतणी येऊन सामान घेऊन गेली होती. पैंजण कुणाकडे गेलं, मी विचारलं नाही. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर मी रडलो. राग गेला म्हणून नव्हे. थपडेचा राग मला अजून आहे.

परवा शिफ्टवरून येताना माझी स्कूटर सवयीने तिच्या गल्लीत वळली. दाराला कुलूप होतं. स्वयंपाकघराची खिडकी एका बाजूने उघडी राहिली होती. मी जाऊन गजांना नाक लावलं आणि हुंगलं.

"नाही, मॅडम," मी म्हणालो, आणि खिडकी लोटून घेतली.